तीन प्लस

"ताई, तीन प्लस आलंय. म्हणजे चांगलंच म्हणायचं की?"

काउंटरपाशी उभा राहून त्यानं पाकीट तिथंच फोडलं होतं. पंचविशीतला मुलगा, आईचा रिपोर्ट न्यायला जतहून पहाटेच्या एसटीनं आलेला. इंग्रजी मजकुरातलं त्याला कळलं ते एवढंच: 'हर-टू' हा शब्द आणि त्यापुढं तीन, अधिकची खूण. त्याचं तरी काय चुकलं? शाळेत ए प्लस मिळाला की घरात पेढे येतात. मी टेक्निशियन. रिपोर्टचा अर्थ सांगायचा अधिकार मला नाही. नेहमीचं वाक्य म्हणाले, "दादा, डॉक्टरांना दाखवा, ते नीट समजावून सांगतील." तो मान हलवून गेला.

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं गाठींचे तुकडे कापते नि रंगवते. इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चांगलं की वाईट? १९९० साली विचारला असता तर उत्तर 'वाईट' हेच होतं. आज तसं राहिलेलं नाही. मधे काय घडलं ते सांगायचं, तर पेशी 'वाढ' हा निरोप ऐकते कशी, इथूनच सुरुवात करावी लागते. काउंटरवर सांगता आलं नाही ते इथं सांगते.

काथाच्या रंगाची रेघ

आधी माझ्या टेबलावरचं. सुईनं किंवा ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बरणीत येतो. त्यावर प्रक्रिया करून तो मेणात बसवायचा. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. डोक्याचा एक केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस काप बसतील. पात्यावरून कापांची सलग रिबन निघते. ती कोमट पाण्यावर सोडली की सायीसारखी पसरते, आणि मग काच तिरकी धरून अलगद उचलायची. श्वास जोरात सोडला तरी रिबन उडते. त्यामुळं उन्हाळ्यातसुद्धा आमच्या टेबलावरचा पंखा बंद.

यापुढचं काम ऐकून लोक हसतात. फॉर्मेलिनमुळं पेशीतली प्रथिनं एकमेकांत गुंतून आखडलेली असतात. ती मोकळी व्हावीत म्हणून काचा बफरमध्ये बुडवून प्रेशर कुकरमध्ये शिजवायच्या. आता त्यासाठी मशिन आलंय, पण मी शिकले ती कुकरवर. घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझं चुकेल, लॅबमधल्या कुकरची वेळ कधी चुकली नाही. काचा निवल्या की अँटिबॉडीचा थेंब. ही अँटिबॉडी हर-टू नावाच्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटते. तिच्यावर दुसरी, जिच्या पाठीवर एक एन्झाइम बसवलेलं असतं. शेवटी डीएबी नावाचं रसायन घालायचं. एन्झाइम असेल तिथंच ते तपकिरी होतं. पेशींची केंद्रकं वेगळ्या रंगानं निळी करून घेतो, म्हणजे तपकिरी उठून दिसतो.

तीन प्लसची काच पहिल्यांदा पाहणारी शिकाऊ मुलगी हमखास "अय्या!" म्हणते. निळ्या ठिपक्यांची रांगोळी, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पानावरच्या काथासारखी गडद, अखंड रेघ. अशी रेघ दहा टक्क्यांहून जास्त कॅन्सरपेशींभोवती असेल तर तीन प्लस. रेघ पूर्ण पण फिकट असेल तर दोन प्लस, म्हणजे निकाल अधांतरी. मग फिश नावाची पुढची तपासणी करून जीनच्या प्रती मोजाव्या लागतात. एक प्लस आणि शून्य हे निगेटिव्हमध्ये धरतात. गुण द्यायचे ते आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी. रेघ नीट उमटेल हे पाहायचं मी.

ही रेघ पेशीच्या कडेलाच का उमटते, आत का नाही? कारण हर-टू पेशीच्या कडेलाच राहतो. तो रिसेप्टर आहे. बाहेरचं ऐकायचं आणि आत कळवायचं, एवढंच त्याचं काम.

उंदराच्या पापण्या

विळीवर बोट कापलं की ते आधी तोंडात जातं. कुत्री-मांजरंही जखम चाटतात. लाळेत जंतू असतात, त्यामुळं हे औषध म्हणून करू नये. पण लाळेत आणखीही काही असतं, आणि ते सापडलं त्याची हकीकत मोठी गमतीची आहे.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटलीतल्या तोरिनो शहरच्या. मुसोलिनीच्या राजवटीत १९३८ साली ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि त्यांना विद्यापीठाबाहेर पडावं लागलं. मग त्यांनी स्वतःच्या झोपायच्या खोलीतच कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर प्रयोग मांडले. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये त्या अमेरिकेत सेंट लुईसला आल्या. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की उंदराच्या एका गाठीतून काहीतरी पाझरतं आणि त्यामुळं गर्भातले मज्जातंतू भराभर वाढतात. ते 'काहीतरी' वेगळं काढायला १९५३ पासून स्टॅन्ले कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ सोबतीला आले. अर्कातला एक भाग तोडून पाहायला कोहेननी सापाचं विष वापरलं, तर हवा असलेला पदार्थ त्या विषातच भरपूर निघाला! विषाची ग्रंथी सापाच्या तोंडात असते. मग सस्तन प्राण्यांच्या तोंडातल्या ग्रंथीत काय असेल? त्यांनी नर उंदराची लाळग्रंथी तपासली. तिथंही तो होता.

त्या ग्रंथीचा अर्क उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचला तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. पिल्लांचे डोळे एरवी दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात. यांचे आठवडाभरातच उघडले. दातही लवकर आले. मज्जातंतू वाढवणाऱ्या पदार्थाशी याचा काही संबंध लागत नव्हता. दुसरा कुणी असता तर 'अर्क अशुद्ध आहे' म्हणून ते वहीच्या समासात टिपून पुढं गेला असता. कोहेन त्या पापण्यांच्या मागं लागले. १९५९ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि १९६२ मध्ये त्यांनी तो दुसरा पदार्थ वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. ५३ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं. त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. आपल्याही लाळेत ते असतं. १९८६ चं नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून देण्यात आलं.

निरोप सापडला. आता तो ऐकतं कोण?

वेशीबाहेरचा जासूद

पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध असतं. ईजीएफसारखं प्रथिन त्यातून सहजी आत शिरू शकत नाही. पेशवाईत जासूद थैली घेऊन मजल दरमजल करत वाड्यात पोचायचा. इथला जासूद वेशीच्या आत पाऊल न टाकता निरोप पोचवतो. ते साधतं रिसेप्टरमुळं. ईजीएफचा रिसेप्टर १,१८६ अमिनो आम्लांचा; त्याचा अर्धा भाग पेशीबाहेर, अर्धा आत, आणि मधला छोटा तुकडा आवरणातून एकदाच आरपार गेलेला.

जासूद जोडीनं धाडायची तेव्हा रीत होती. इथं जोडी जमते ती ऐकणाऱ्यांची. ईजीएफ येण्यापूर्वी रिसेप्टरचा बाहेरचा भाग हाताची घडी घातल्यासारखा मिटलेला असतो. ईजीएफ येऊन बसला की घडी सुटते आणि एक हात मोकळा होतो. शेजारच्या रिसेप्टरचाही तसाच सुटलेला असेल, तर दोघं एकमेकांना धरतात. बाहेर दोघं जवळ आले की आतले भागही जवळ येतात, एक दुसऱ्याला रेटतो, आणि त्या रेट्यानं झोपलेलं एन्झाइम जागं होतं. ते एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर ठिकठिकाणी फॉस्फेट चिकटवतं. तिथं टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं, म्हणून या एन्झाइमला टायरोसिन कायनेज म्हणतात.

पेशी फॉस्फेट टायरोसिनवरही चिकटवते, हे १९७९ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना कळलं ते कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेतले टोनी हंटर. त्यांची कथा मी दर वर्षी नव्या शिकाऊ मुलांना सांगते आणि सांगून झाल्यावर दमही देते. कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाला फॉस्फेट नेमका कुठं लागतो, ते हंटर पाहत होते. नमुन्यातले घटक विजेच्या साह्यानं वेगळे करायला जो बफर लागतो, तो ताजा न करता त्यांनी पुन्हा पुन्हा वापरलेला जुनाच घेतला. त्याचा पीएच १.९ वरून १.७ च्या आसपास उतरला होता. ताज्या बफरमध्ये दोन ठिपके एकमेकांवर बसले असते. शिळ्या बफरमुळं ते सुटे पडले, आणि तो नवा ठिपका निघाला फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनचा. कोहेन यांच्या प्रयोगशाळेनं ईजीएफमुळं फॉस्फेट चिकटतो हे १९७८ मध्येच दाखवलं होतं. तो टायरोसिनवर चिकटतो हे १९८० मध्ये स्पष्ट झालं. गोष्ट संपली की मी सांगते, "हंटरना नशिबानं हात दिला. आपल्याकडं शिळा बफर वापरलात तर काच वाया जाईल आणि बोलणी मी देईन."

सातविनाचा लेक

शेपटीवर फॉस्फेट लागला की तिथं आतली प्रथिनं येऊन बसतात. ग्रब-टू हे एक. ते आपल्यासोबत सॉस नावाचं दुसरं घेऊन येतं. या सॉसचा टोमॅटोशी संबंध नाही. फळमाशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक भिंगाखाली आठ प्रकाशपेशी असतात. ज्या माश्यांत सातवी पेशी तयारच होत नव्हती, त्यांच्या बिघडलेल्या जीनला शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'सेव्हनलेस'. तो जीनही एका रिसेप्टरचाच निघाला. त्याच्यानंतर साखळीत येणाऱ्याला म्हणाले 'सन ऑफ सेव्हनलेस', आपल्या भाषेत सातविनाचा लेक. त्याची आद्याक्षरं म्हणजे सॉस. माशीच्या डोळ्यात जी साखळी, तीच थोड्या फरकानं माणसाच्या पेशीत.

सॉस जाऊन रास नावाच्या प्रथिनाची कळ दाबतो. रास राफला उठवतो, राफ मेकला, मेक एर्कला. एर्क केंद्रकात शिरतो आणि पेशी दुभंगायच्या तयारीचे जीन चालू होतात. निरोप आल्यापासून इथवर पोचायला मिनिटं पुरतात. एक एन्झाइम पुढच्या अनेकांना उठवतं, म्हणून वेशीवरची कुजबुज केंद्रकात जाईतो गलका झालेली असते. दुसरी एक साखळी त्याच वेळी पेशीला 'मरू नकोस' असं सांगत असते.

माणसाच्या शरीरात टायरोसिन कायनेज बाळगणाऱ्या या घराण्यातले ५८ रिसेप्टर आहेत. इन्सुलिनचा रिसेप्टर त्यातलाच. घरोघरी मधुमेहाच्या गप्पा होतात, पण इन्सुलिनही पेशीच्या दाराशी असंच ऐकलं जातं, हे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. निरोप ऐकून झाला की तो विसरायची व्यवस्थाही पेशीनं केलेली असते. चिकटवलेले फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमं लगेच कामाला लागतात. रास थोड्या वेळानं आपला आपण बंद होतो. आणि रिसेप्टर? पेशी आवरणाचा तेवढा भाग आत खेचून त्याची पिशवी करते आणि ईजीएफसकट रिसेप्टर गिळते. काही पुन्हा वर धाडले जातात, बरेचसे आत मोडीत निघतात. कापलेलं बोट भरून येतं आणि भरायचं थांबतंही, ते या व्यवस्थेमुळं. माझ्या बोटांवर मायक्रोटोमच्या पात्याचे तीन जुने वण आहेत. तिन्ही ठिकाणी कातडी वाढली आणि वेळेवर थांबली.

नुसत्या गर्दीनं

ईजीएफच्या रिसेप्टरला तीन भावंडं. चौघांतलं दुसरं हर-टू, माणसात ते १९८५ मध्ये ओळखलं गेलं. त्याच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे त्याचा स्वतःचा असा कोणताही ग्रोथ फॅक्टर सापडलेला नाही. त्याची घडी कायमच सुटलेली, हात कायम पुढं, जो भेटेल त्या भावंडाशी जोडी करायला तयार. दुसरी म्हणजे पेशी त्याला सहजासहजी गिळत नाही.

थोड्या संख्येत असेल तर हे खपून जातं. साध्या पेशीवर हर-टू हजारांच्या घरात असतात. पण काही स्तनकॅन्सरमध्ये सतराव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जीनच्या प्रती वाढतात आणि एकेका पेशीवर हर-टूची संख्या वीस लाखांपर्यंत जाते. हात पुढं केलेली एवढी मंडळी दाटीवाटीनं उभी राहिली, तर कुणी जासूद येवो न येवो, जोड्या जमणारच. बाहेर कुणी काही बोललेलं नसतं, तरी आत 'वाढ, वाढ' सुरू. माझ्या काचेवरची गडद रेघ म्हणजे ही गर्दी.

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ स्तनकॅन्सर तपासून दाखवलं, की ज्यांच्यात हर-टूच्या प्रती जास्त त्यांचा आजार लवकर उलटतो आणि आयुष्य कमी भरतं. सगळ्या स्तनकॅन्सरपैकी साधारण १५ ते २० टक्के या गटातले. म्हणून म्हटलं, त्या काळी उत्तर 'वाईट' हेच होतं.

पण रिसेप्टरचा अर्धा भाग बाहेर असतो. ज्याला बाहेरून निरोप मिळतो, त्याला बाहेरून धरताही येतं. जेनेनटेक कंपनीत उंदराची एक अँटिबॉडी तयार झाली होती. तिचा बहुतेक भाग बदलून माणसासारखा केला. हे ट्रास्टुझुमॅब, बाजारातलं नाव हर्सेप्टिन. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते हर-टूच्या बाहेरच्या भागाला चिकटून त्याचं बोलणं दाबतं, शिवाय 'याला मारा' अशी खूण प्रतिकारपेशींना करतं. २००५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: ऑपरेशननंतर केमोच्या जोडीनं हे दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. किंमत मात्र आपल्याकडं कुणाला झेपेल अशी नव्हती. २०१४ मध्ये भारतात बनलेलं त्याच धर्तीचं औषध बाजारात आलं, मग आणखी आली, आणि आमच्याकडं येणाऱ्या हर-टूच्या फॉर्मांची चळत वाढू लागली. औषध आवाक्यात आलं की तपासणीही वाढते.

हर-टू हृदयाच्या पेशींनाही लागतो. त्यामुळं हे औषध चालू असताना ठरावीक काळानं टू-डी इको करून घ्यावी लागते. कुणाचं ऐकणं बंद करायचं तर त्याचीही किंमत असते.

दुसरा मार्ग आतून. रिसेप्टरच्या आतल्या एन्झाइमच्या खाचेत बसून ते बंद पाडणाऱ्या गोळ्या आहेत. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफचा रिसेप्टर गर्दीमुळं नव्हे, तर बिघाड होऊन आपोआप चालू राहतो. २००४ मध्ये ते कळलं आणि अशा रुग्णांना या गोळ्या का लागू पडतात याचा उलगडा झाला. त्यात कधीही विडी-सिगारेट न ओढलेले पुष्कळ असतात. कॅन्सर पुन्हा बदलतो आणि गोळीला चकवतो, मग नवी गोळी. हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे.

सलाइनची बरणी

हे सगळं विज्ञान शेवटी एका बरणीवर येऊन थांबतं, म्हणून माझं गाऱ्हाणं सांगते. दहाएक वर्षांपूर्वी सीमाभागातल्या एका छोट्या दवाखान्यातून पार्सल आलं. झाकण उघडलं तर फॉर्मेलिनचा तो नाकाला झोंबणारा वास नाही. तुकडा साध्या सलाइनमध्ये, दोन दिवस, मे महिन्यात. तुकडा पांढुरका, बोटाला लिबलिबीत लागत होता. तरी आम्ही ब्लॉक केला, काच रंगवली. कडा विरघळल्यासारख्या, कुठं तपकिरी धूर, कुठं काहीच नाही. मॅडमनी 'तपासणीयोग्य नाही' असं लिहिलं. त्या बाईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली, पुन्हा प्रवास, पुन्हा आठवडा. चूक टाळायला दहा रुपयांचं फॉर्मेलिन पुरलं असतं.

तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जायला हवा. फॉर्मेलिन तुकड्याच्या कितीतरी पट हवं. तळाशी बोटभर चालत नाही. त्यात तो किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा. घरात कुणाची गाठ काढायची असेल, तर "बरणीत फॉर्मेलिनच आहे ना?" एवढं विचारायला संकोच करू नका. वेळेची नोंद फॉर्मवर असेल तर आणखी बरं.

२०२२ पासून ही काळजी दुप्पट झालीय. ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर केमोचं औषध बांधलेलं एक नवं औषध आलंय, आणि पसरलेल्या स्तनकॅन्सरमध्ये ते एक प्लसलाही उपयोगी पडतं, असं त्या वर्षी चाचणीत दिसलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही शून्य आणि एक प्लस एकाच टोपलीत टाकत होतो, आता त्यातली पुसटशी रेघसुद्धा मोलाची. काच रंगवताना माझा हात हल्ली जास्तच जपून चालतो.

तो जतचा मुलगा पुन्हा आला नाही. रिपोर्ट एकदाच न्यायचा असतो. आला असता तरी "डॉक्टरांना दाखवा" हेच मी म्हणाले असते. नियम तो नियम. पण सांगायची मुभा असती, तर त्याला एवढं नक्की सांगितलं असतं: दादा, हे परीक्षेतले गुण नव्हेत. तुझ्या आईच्या गाठीतल्या पेशींवर ऐकणाऱ्यांची फार गर्दी झालीय, ही वाईट बातमी. ती गर्दी पेशीच्या बाहेरूनच धरता येते, ही दुसरी बातमी. डॉक्टरांकडं आजच जा, आणि इकोचं काय ते विचारून ठेव.